ट्रेडमिलवरून वजनांकडे

जिममध्ये नाव घातलं की बाईला आधी ट्रेडमिलवर चढवतात, मग दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात देतात. आपल्याला बॉडीबिल्डिंग, म्हणजे ठरवून स्नायू वाढवणं, शिकायचं असेल तर ट्रेनरला पहिल्याच दिवशी तसं सांगावं. नाहीतर वर्षभर घाम निघतो, स्नायू आहेत तेवढेच राहतात.

‘पुरुषासारखं अंग होईल’ असं घरचे म्हणतीलच. पण टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक बायकांत पुरुषांच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नसतं. स्टेजवर दिसतं तसं शरीर व्हायला वर्षं लागतात. ते लवकर व्हावं म्हणून कुणी स्टिरॉइड सुचवलं तर सरळ नाही म्हणावं. त्यानं जाड झालेला आवाज सहसा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

सुरुवातीआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर दुसऱ्याच सेटला, म्हणजे फेरीला, धाप लागू शकते आणि आपण उगाच स्वतःला आळशी ठरवतो. रक्तदाबाचा त्रास, गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच जिमला जावं.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पुरे. व्यायामही मोजकेच: स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं), रो (पुढे झुकून वजन पोटाकडे ओढणं) आणि शोल्डर प्रेस (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलणं). मोठा रॉड रिकामाच २० किलोचा असतो. तो जड वाटला तर पहिले काही आठवडे डंबेलवर काढावेत, त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे आवर्तनं. सेट संपताना ‘अजून दोन-तीन जमले असते’ असं वाटलं तर वजन बरोबर. अजून दहा जमले असते, तर ते वजन आपल्या कामाचं नाही.

आता वही काढा. तारीख, वजन, रेप्स. तिन्ही सेट १२ पर्यंत नेता आले की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवायचं: रॉडला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो. सगळी वाढ या एका गोष्टीवर आहे. दर आठवड्याला नवे व्यायाम देणारा ट्रेनर मजेदार वाटतो, पण आपण पुढे गेलो की नाही हे मग कळतच नाही. दुसऱ्या दिवशी अंग किती दुखलं, यावरूनही ते कळत नाही.

चुका बहुधा ठरलेल्या. डेडलिफ्टमध्ये पाठीला पोक येतो, स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात. धावायच्या मऊ बुटांत पाय डगमगतो, सपाट तळाचे घ्यावेत. दोन-तीन दिवसांनी मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढून पाहा.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते ताटात. स्नायूंसाठी वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ८८ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सहा-सात, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीसेक. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या बाईचा हा हिशोब कधीच जुळत नाही. आपल्या वाटणीचं आधी काढून ठेवावं. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यातली प्रथिनं दाण्याच्या कुटातली, म्हणून सोबत दही किंवा पनीर हवं. व्हे पावडर दुधापासूनच करतात. ताटातून भागत असेल तर तिची गरज नाही.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. स्नायू वाढताना आकडा हलत नाही, कधी वरही जातो. महिन्यातून एकदा टेपनं दंड, कंबर, मांडी मोजा.

आणि ‘कटिंग’, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी खाणं कमी करणं, पहिल्या वर्षी नकोच. कमी खाऊन जास्त व्यायाम झाला तर पाळी लांबते, बंदही होते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. जिममध्ये कुणी ‘असं होतंच’ म्हणेल. पण तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जा.