दाराशी बेलीफ आला म्हणजे

आजचा विषय कोणालाच आवडावयाचा नाही, पण कोणाच्याही घरी उद्भवणारा आहे. समजा, रेवसच्या एखाद्या नाखव्याने होडीच्या इंजिनासाठी बँकेचे कर्ज काढले. हंगाम वाईट गेला, हप्ते थकले आणि एके दिवशी बेलीफ कोर्टाचे समन्स घेऊन दाराशी आला. नाखवा तो कागद फळीवर ठेवून देतो. "पैसे तर देणे आहेतच, कोर्टात जाऊन सांगू काय?" असे तो म्हणतो.

नेमकी येथेच चूक होते. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत सवड देऊ शकते. प्रतिवादी हजरच झाला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. मग व्याज अधिक लावले आहे, भरलेले हप्ते जमेस धरलेले नाहीत, हे कोर्टापुढे मांडणार कोण?

हे दुखणे जुनेच आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांच्या रागाचे एक कारण कोर्टाचे एकतर्फी निकाल हे होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, नुसत्या खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळ इतिहास पाहण्याचे बंधन कोर्टावर घातले. पण तो इतिहास सांगावयास ऋणको कोर्टात यावा लागे. आजही तसेच आहे.

"वकिलाला पैसे कोठून आणू?" हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि आपत्तिग्रस्त यांना फुकट वकील मिळतो. त्यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असावे लागते. त्याबद्दल प्रतिज्ञापत्रही चालू शकते.

रेवसच्या माणसाने अलिबागची एस.टी. धरावी आणि जिल्हा न्यायालयात रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. समन्स, कर्जाची कागदपत्रे आणि हप्त्यांच्या पावत्या सोबत न्याव्यात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडे फी मागावयाची नसते.

वकील काय करील? हिशेब तपासील, मुदत पाहील, हप्ते बांधून मागील. धनको खाजगी सावकार असेल, तर त्याचा परवाना विचारील. कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्टाला हुकूमनामा करता येत नाही. जप्ती आलीच, तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटकही होत नाही. घाबरलेल्या घराला एवढे कळले, तरी पुष्कळ धीर येतो.

लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि ती बहुधा दोघांच्याही सोयीची ठरते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून भिडेखातर सही करू नये. पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे मोजून, झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

कर्ज बुडविण्याची ही वाट नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खरे देणे द्यावेच लागते. परंतु देणे किती आणि ते कसे फेडावयाचे, हे ठरताना आपलेही म्हणणे ऐकले जावे, एवढा हक्क गरिबालाही आहे. तेव्हा समन्स आले, की फळीवर ठेवण्यापूर्वी त्यावरची तारीख वाचा आणि दुसऱ्याच दिवशी अलिबाग गाठा.