टॅबलेटआधी मरणारा ड्रायव्हर

चित्रकाराच्या पेन टॅबलेटमध्ये झिजण्यासारखे फारसे काही नसते. वाकॉमच्या पेनात तर बॅटरीही नसते. पृष्ठभागाखालच्या जाळीतले चुंबकीय क्षेत्रच त्याला ऊर्जा पुरवते. निब बदलत राहिले की असा टॅबलेट वर्षानुवर्षे चालतो. तरीही तो अडगळीत जातो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम पुढे सरकते आणि जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढण्यात कंपनीला रस उरत नाही. २०१९ साली मॅकओएस कॅटालिना आली आणि वाकॉमच्या बांबू टॅबलेटचा जुना ड्रायव्हर तिच्यावर चालेना. तो दुरुस्त केला एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने, आणि सोर्स कोड हाती नसल्यामुळे तयार फाइलीतच चिरफाड करून.

एवढे जपण्यासारखे ड्रायव्हरमध्ये असते तरी काय? टॅबलेट संगणकाकडे आकड्यांची रांग पाठवतो आणि ड्रायव्हर तिचा अर्थ लावतो. त्यातले कोणते आकडे पेनाची जागा सांगतात आणि कोणते दाब, एवढे कळले की निम्मे काम झाले. काही कंपन्यांनी यातही गंमत केली आहे. यूसी-लॉजिकच्या तंत्रावरचे ह्युऑनचे अनेक टॅबलेट एका विशिष्ट क्रमांकाची माहिती मागितल्याशिवाय आपली पूर्ण क्षमता उघडतच नाहीत. डिजिमेंड प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी हे कोडे सोडवले आणि ते ज्ञान लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, गेले. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणाऱ्या ओपनटॅबलेटड्रायव्हर या खुल्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक मॉडेलची लांबी-रुंदी, दाबाची कमाल पातळी, सुरुवातीचे संकेत हे सारे एका छोट्या मजकुराच्या फाइलीत मावते. म्हणून माझे म्हणणे असे, की ज्याला व्यापारी गुपित म्हणून जपले जाते ते बहुतांशी यंत्राचे वर्णन आहे, आणि ते वस्तूबरोबर ग्राहकाला मिळायला हवे.

संशोधनावर पैसा ओतणाऱ्या कंपनीने ते फुकट का द्यावे, असे कोणी विचारेल. पण खरी कारागिरी जाळीत आणि पेनात आहे, आकड्यांच्या क्रमात नाही. खुद्द वाकॉमचे अभियंते लिनक्समधील खुल्या ड्रायव्हरवर उघडपणे काम करत आले आहेत, आणि त्यामुळे कंपनीचा धंदा बसलेला नाही. उलट बंद ड्रायव्हरमध्ये काय चालते हे ग्राहकाला दिसत नाही: वाकॉमचा ड्रायव्हर उघडलेल्या प्रत्येक ॲपचे नाव गूगल ॲनालिटिक्सला कळवत असल्याचे २०२० मध्ये एका प्रोग्रॅमरला उमगले, तेही बाहेर जाणारी माहिती तपासल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुले ड्रायव्हर अपुरे असतात. ओपनटॅबलेटड्रायव्हर विंडोजवर मुळात माउसचेच सोंग घेतो. पेनाचा दाब हवा असेल तर वेगळे प्लगइन बसवावे लागते. नव्या मॉडेलची बटणे चालायला वेळ जातो. हे खरे आहे, पण त्याचे मोठे कारण स्वयंसेवकांना यंत्राचे वर्णन अंदाजाने उकलावे लागते हेच आहे. तो अंदाज वापरात आणणे मात्र आता सोपे झाले आहे. २०२३ च्या लिनक्स ६.३ पासून कर्नेलमध्ये एचआयडी-बीपीएफ ही सोय आली. टॅबलेटने चुकीचे सांगितलेले वर्णन एका छोट्या प्रोग्रॅमने, कर्नेल पुन्हा न बांधता, सुधारता येते. ह्युऑन आणि एक्सपी-पेनच्या काही मॉडेलसाठी असे प्रोग्रॅम तयारही झाले आहेत, आणि त्यांत कंपनीच्या ड्रायव्हरची एक ओळही नाही.