अकरावीचा फॉर्म भरताना गणित सोडू का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरांत पेढे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून काळजी सुरू होते. वाशिंदसारख्या गावात वडील पहाटेची लोकल किंवा कंपनीची पाळी गाठणारे, आई घरकाम-मजुरी करणारी. घरातून अकरावीला जाणारे हे पहिलेच मूल. फॉर्म भरताना कुणीतरी सांगतो, "गणित अवघड असते, सोडून दे." पालक विश्वासाने सही करतात. पालकांनो, त्या सहीपूर्वी जरा थांबा.

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित घेतले की 'ए ग्रुप', जीवशास्त्र घेतले की 'बी ग्रुप'. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला जीवशास्त्र लागते, गणित नाही. पण इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांना आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला बहुतेक ठिकाणी गणित मागतात. 'एनडीए'च्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा असतो. २०२१ पासून ती परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे. मुलाचे मन अजून ठरले नसेल तर दोन्ही विषय घेता येतात. ओझे वाढते, पण दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

कॉमर्समध्येही निवड असते. बहुतेक ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांतले एक घ्यावे लागते. हे गणित विज्ञान शाखेपेक्षा वेगळे. त्यात कमिशन, विमा, निर्देशांक असे व्यवहारातले धडे असतात. पुढे हिशेब, बँक, संख्याशास्त्राकडे वळायचे असेल तर ते सोडू नये.

दहावीला गणितात कमी गुण पडले म्हणून घाबरलात? मग सुट्टीत एक प्रयोग करा. अकरावीचे गणिताचे पुस्तक मिळवा आणि कोन व त्रिकोणमितीचे पहिले धडे पंधरा दिवस मुलाला सोडवू द्या. अडले तरी ते पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसते का, हे पाहा. बसत असेल तर गणित घ्यावे. मनापासून नकोच असेल तर दुसरी वाट धरण्यात कमीपणा नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण अनेकदा गणिताची नसते, शब्दांची असते. कोनाचा 'अँगल' होतो, वर्तुळाचे 'सर्कल' होते. राज्याच्या सीईटीत भौतिक-रसायनचे पेपर मराठीत देता येतात, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून एका वहीत मराठी-इंग्रजी शब्द समोरासमोर लिहायची सवय लावा. दोन महिन्यांत भीती निम्मी होते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषय निवडण्याचा हक्कच तेव्हा आपल्याला नव्हता. आज तो हक्क फॉर्मवरच्या एका चौकटीत आपल्या हाती आहे. जे आता कुणी नाकारत नाही, ते आपणच भीतीपोटी का नाकारावे?

आज रात्री जेवताना मुलाला, मुलीला एवढेच विचारा, "तुला पुढे काय व्हायचे आहे?" त्या उत्तरावरून विषय ठरवा. शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून नको.