क्लचचा आवाज, जुन्या क्रीडा मोटारींतील

मोटारगाडीचे एंजिन व दंतचक्र पेटी यांना चालकाच्या इच्छेनुसार जोडणाऱ्या व विलग करणाऱ्या यंत्रणेस क्लच म्हणतात. पेडल दाबताना, दाबून धरले असताना किंवा सोडताना या यंत्रणेतून जो अस्वाभाविक ध्वनी निघतो, त्याचे निदान व निवारण हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. क्लचमधून आल्यासारखा वाटणारा आवाज पुष्कळदा क्लचचा नसतो, तो दंतचक्र पेटीचा किंवा भुजादंडाचा असतो. तो नेमका कोठला हे ठरविल्यावाचून गाडी उघडल्यास श्रम वाया जातात आणि सहजासहजी न मिळणारे सुटे भागही निकामी होण्याचा संभव असतो.

विवेचनासाठी येथे एम. जी. या ब्रिटिश गाड्या घेतल्या आहेत. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या टीसी (1945–49), टीडी (1949–53), एमजीए (1955–62) व एमजीबी (1962–80) या त्यांच्या प्रसिद्ध जाती होत. 2019 पासून गुजरातमधील हालोल येथे याच नावाने तयार होणाऱ्या गाड्यांशी त्यांचा यांत्रिक संबंध काहीही नाही. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतील जुहू विमानतळाच्या धावपट्टीवर ज्या मोटार शर्यती होत, त्यांत एम. जी. गाड्याही धावत. पुढे आयातीवर कडक निर्बंध आले आणि मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले. त्यामुळे येथे टिकून राहिलेल्या गाड्या बहुतांशी स्थानिक कारागिरांच्या हातांवर टिकल्या आहेत.

रचना : एंजिनाच्या भुजादंडाच्या मागील टोकास प्रचक्र बसविलेले असते. प्रचक्र व दाब तबकडी यांच्यामध्ये घर्षण अस्तर लावलेली चालित तबकडी, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील क्लच प्लेट, घट्ट धरलेली असते. तिच्या नाभीतील खाचांमधून दंतचक्र पेटीचा प्रवेश दंड जातो. या दंडाचे पुढचे टोक भुजादंडाच्या टोकात बसविलेल्या लहानशा बुशमध्ये टेकलेले असते. पेडल दाबले की चिमट्यासारखी तरफ विमोचक धारव्याला पुढे ढकलते, दाब तबकडी मागे सरते आणि चालित तबकडी मोकळी होते. टी मालिकेतील गाड्यांत हा दाब मळसूत्री स्प्रिंगांचा असून पेडलाची हालचाल यांत्रिक जोडणीने पोहोचते. एमजीएमध्ये ती द्रवीय दाबाने पोहोचते. एमजीबीत द्रवीय योजना कायम असून मळसूत्री स्प्रिंगांच्या जागी एकच पटलरूप स्प्रिंग आली.

या गाड्यांचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांत विमोचक धारव्यात पोलादी गोळ्या असतात व तो फिरतो. जुन्या एम. जी. गाड्यांत त्याच्या जागी धातूच्या वाटीत बसविलेले ग्रॅफाइटचे कडे असते. ते स्वतः फिरत नाही, तर पेडल दाबताच फिरत्या दाब-कड्यावर घासते. ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करीत असल्याने त्याला तेल किंवा ग्रीज लावावयाचे नसते. लावल्यास ते फिरत्या भागांवरून उडून अस्तरापर्यंत पोहोचते. पेडल हलकेच दाबताच आवाज आला तर धारव्याच्या गोळ्या झिजल्या, हा मोटार-दुरुस्तीच्या पुस्तकांतील सर्वसाधारण नियम या गाड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, कारण येथे गोळ्याच नाहीत. ग्रॅफाइट घासल्याचा मंद, सुकी पाने सरकल्यासारखा सळसळाट निर्दोष असतो. त्याचा कर्कश धातूचा चीत्कार झाला, की ग्रॅफाइट संपून वाटीची कडा दाब-कड्यावर घासू लागली असे समजावे. मग गाडी पुढे चालविणे धोक्याचे असते.

निदान : घंटेच्या आकाराचे क्लचचे आवरण ध्वनी घुमवून मोठा करीत असल्याने केवळ कानाने उगमस्थान कळत नाही. म्हणून कोणत्या स्थितीत कोणते भाग परस्परसापेक्ष फिरतात, याचा विचार करून आवाज शोधावा लागतो. एंजिन गरम करून, हातब्रेक ओढून, दंतचक्र पेटी न्यूट्रलमध्ये ठेवून प्रारंभ करावा.

पेडल पूर्ण सोडलेले असता एंजिनाबरोबर प्रवेश दंड व पेटीतील प्रतिदंड फिरत असतात. प्रवेश दंड भुजादंडाच्याच वेगाने फिरत असल्याने पुढील बुशमध्ये मात्र सापेक्ष गती नसते. या स्थितीत घरघर ऐकू येऊन पेडल पूर्ण दाबताच ती विरून गेली, तर दोष दंतचक्र पेटीत आहे, क्लचमध्ये नाही. तो प्रवेश दंडाच्या धारव्याचा की प्रतिदंडाचा हे गाडी चालवून ठरते. सर्वोच्च गतीत शक्ती प्रवेश दंडातून सरळ मागे जाते व प्रतिदंडावर भार राहत नाही. त्या वेळी आवाज बराच मंदावल्यास प्रतिदंडाचा, तसाच राहिल्यास प्रवेश दंडाच्या धारव्याचा संशय घ्यावा. पहिल्या व उलट गतीत येणारा एकसुरी हुंकार मात्र दोष नव्हे. त्या चाकांचे दात सरळ कापलेले असल्यास तो उपजतच असतो.

यानंतर पेडल केवळ मोकळी चाल संपेपर्यंत, बोटभर, दाबावे. ग्रॅफाइट कडे आता टेकते, परंतु चालित तबकडी सुटलेली नसते. येथे उमटणारा ध्वनी विमोचक धारव्याचा किंवा त्याला चिमट्यात धरणाऱ्या लहान स्प्रिंग-पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या सैल झाल्या की मंद गतीवर खुळखुळ येते व पायाचा भार पडताच ती थांबते. नव्या सराफाने जुना दागिना खोटा ठरवावा, तसे या खुळखुळीवरून अख्खा क्लच बाद ठरविणारे कारागीर कमी नाहीत.

शेवटी पेडल तळाशी दाबून गाडी सर्वोच्च गतीत टाकावी. प्रवेश दंड थांबतो, भुजादंड फिरत राहतो आणि बुशमध्ये प्रथमच सापेक्ष गती येते. याच स्थितीत सुरू होणारी किंकाळी सुकलेल्या बुशची असते. पेडल दाबताना एक ठोका ऐकू आला, तर पुढील कप्पीकडे लक्ष ठेवून सहकाऱ्याला पेडल दाबण्यास सांगावे. कप्पी पुढेमागे सरकताना डोळ्याला दिसली, तर भुजादंडाच्या अक्षीय दाबाच्या चकत्या झिजल्या आहेत. हा दोष एंजिनाचा असून नवीन क्लच बसवून तो जात नाही. क्लच जोडला जाताना बसणारे हिसके हे अस्तरावर तेल आल्याचे किंवा एंजिनाचे रबरी आधार सुटल्याचे लक्षण असते. पेडलाखालचे साधे कुरकुरणे बहुधा खुंटीच्या बुशचे असते व दोन थेंब तेलाने मिटते.

एमजीबीत आवरणातून जेथे तरफ बाहेर येते, तेथील रबरी टोपी सरकवून विजेरीच्या प्रकाशात ग्रॅफाइटची जाडी पाहता येते. दहा मिनिटांचे हे काम पुष्कळ जण टाळतात, आणि मग एंजिन उतरविण्याचे दोन दिवसांचे काम पत्करतात.

दुरुस्ती : टीसी व टीडीत लाकडी तळफळ्या काढून दंतचक्र पेटी गाडीच्या आतून सोडविता येते. एमजीबीत एंजिन उतरविणे भाग पडते. पेटी मागे ओढताना तिचा भार प्रवेश दंडावर, पर्यायाने चालित तबकडीच्या नाभीवर लोंबकळू देऊ नये. नाभी वाकल्यास नवी तबकडीही सुटेनाशी होते. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी.

जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असते. आवरणातील काळी धूळ वाऱ्याच्या झोताने उडविण्याची कार्यशाळांतील सवय फुप्फुसांना घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व फडके बंद पिशवीत टाकावे. ही सूचना येथे सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खराब झालेला क्लच बदलता येतो.

अस्तर खिळ्यांच्या माथ्यापर्यंत झिजले असल्यास, तबकडीच्या नाभीभोवतालच्या स्प्रिंगा सैल झाल्या असल्यास किंवा प्रचक्रावर निळे डाग व तडे दिसल्यास ते भाग बदलावेत किंवा प्रचक्र लेथवर समतल करून घ्यावे. मळसूत्री स्प्रिंगांच्या क्लचमधील तीन तरफांची उंची कारखान्यात साच्यावर जुळविलेली असते. ती गाडीवर, नजरेच्या अंदाजाने बदलू नये.

पुढील बुश काढण्याची जुनी युक्ती अशी : भोकात ग्रीज ठासून भरावे, त्यात नेमका बसणारा दंड घालून हातोडीने ठोकावे. ग्रीज दबत नसल्याने बुश मागे सरकून बाहेर येते. मूळ बुश कणरूप कासे दाबून व भाजून केलेले, सच्छिद्र असते. बसविण्यापूर्वी ते एंजिनाच्या तेलात दिवसभर मुरवावे लागते. बोईसर–तारापूर औद्योगिक पट्ट्यात, बेटेगावच्या आसपासच्या भागात, लेथवर बुश कातून घेणे अवघड नाही. पण सच्छिद्र कासे बोथट हत्याराने आतून कातल्यास छिद्रे बुजतात व बुश कोरडे पडते. त्यापेक्षा त्याच लेथवर चालित तबकडी मध्यभागी धरण्यासाठी मापाचा दंड कातून घ्यावा. तो नसेल, तर पेटी परत बसविताना तासन् तास जातात.

टी मालिकेत मागील बाजूस तेल अडविण्यासाठी रबरी कडे नसून भुजादंडावर तेल परत फिरविणारे आटे असतात, म्हणून थोडे तेल झिरपणारच. आवरणाच्या तळाशी भोक ठेवून त्यात स्प्लिट पिन सैल लोंबती ठेवलेली असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहून भोक बुजू देत नाही. दुरुस्ती करणारे ती निरुपयोगी समजून काढून टाकतात आणि साचलेले तेल अस्तरावर येते.

ग्रॅफाइटच्या जागी गोळ्यांचा धारवा बसविण्याचे संच परदेशात मिळतात. तथापि मूळ योजना या गाड्यांना अधिक मानवते, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. तिची एकच अट असते, ती म्हणजे पेडलावर पाय ठेवून थांबू नये. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर घोडबंदर परिसरातील कोंडीत गाडी गतीत ठेवून पेडल दाबून धरल्यास वर्षाची झीज काही आठवड्यांत होते. प्रत्येक थांब्यावर न्यूट्रल करून पाय काढावा. टी मालिकेत पेडलाची मोकळी चाल सुमारे 2 सेंमी. असावी लागते. ती संपली की कडे सतत घासू लागते, म्हणून अस्तर झिजेल तशी ती पुनःपुन्हा जुळवावी. एमजीबीच्या द्रवीय योजनेत असे समायोजन नसते.

पालघरच्या किनारी हवेत पावसाळ्यात गाडी उभी राहिल्यास प्रचक्रावर गंज चढून अस्तर त्यास चिकटते. पहिल्या वापरात त्याचा किंचाळल्यासारखा आवाज येतो किंवा क्लच सुटतच नाही. मृगाच्या आधी पेडल व आसन यांच्यामध्ये लाकडी दांडके अडकवून तबकडी मोकळी ठेवण्याची रीत जुन्या गाड्यांचे जाणकार पाळतात.