गावगाणी – भाग ६ : खंजिरीआधी टाळ

वर्धा जिल्ह्यात भजन शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी खंजिरी हवी असते. साहजिक आहे, विदर्भात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराजच आठवतात. पण भजनी मंडळात खंजिरी बहुधा मुख्य गायकाच्या हाती असते. नवख्यानं मागच्या ओळीत टाळ घेऊन बसायचं. ही जागा दुय्यम नाही. सगळ्यांनी मिळून गायचं म्हणजे काय, ते तिथंच कळतं.

मागच्या भागात केरव्याच्या आठ मात्रा आपण हातावर मोजल्या : पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. आता त्याच टाळावर आणायच्या. मुख्य गायक कडवं म्हणतो, बाकीचे ध्रुपद उचलतात. अडतं ते या उचलीवर. गायक शेवटच्या शब्दाकडे येत असतानाच श्वास भरून ठेवावा लागतो. तो थांबल्यावर भरायला गेलात तर सम, म्हणजे पहिली मात्रा, निघून गेलेली असते.

दुसरी अडचण लयीची. रंग चढला की टाळकरी पुढे पळतात, तबला त्यांना गाठायला धावतो आणि भजनातले शब्द कुणालाच ऐकू येत नाहीत. शब्द गेले तर भजन गेलं. म्हणून शेजाऱ्याचा गळा ऐकू येईल इतक्याच जोरानं टाळ वाजवावा.

खंजिरीला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद व्हायलाच हवं होतं. बकऱ्याचं कातडं चांगलं बोलतं. पावसाळ्यात ते सैल पडून आवाज बसतो, तेव्हा थोडं शेकून घ्यायचं.

या जिल्ह्यानं ढोलक्यावरच्या परदेशी जपालाही आपल्यात बसवून घेतलं आहे. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथात हातातलं ढोलकं वाजवत जप करतात. तो जप गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि सेवाग्रामला आजही म्हटला जातो. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये त्याच सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं. पुढे १९५५ मध्ये महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. जपानी ढोलकं असो की आपली खंजिरी, ठोका साधा असतो, कारण तो सगळ्यांना एकत्र धरून ठेवायला असतो. एकट्याची करामत दाखवायला तो नसतो. खंजिरी भजनाच्या स्पर्धांत हल्ली वेगालाच टाळ्या पडतात, याचं म्हणूनच मला वाईट वाटतं.

शिकायला वर्ग शोधत बसू नका. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी गावोगाव होते. तिथं जा, मागे बसा, टाळ मागून घ्या. पहिले काही दिवस नुसतं ध्रुपद म्हणा. खंजिरीचे बोल पुढच्या आठवड्यात.