काउंटरपलीकडचा जाणकार

महाराष्ट्रापासून दूर, भोपाळसारख्या शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत मुंबई-पुण्याला निघालेल्या पाहुण्याच्या हाती एक यादी हमखास दिली जाई. गोडा मसाला, दिवाळी अंक आणि त्याखाली नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या कॅसेटांची नावे. मसाला आणि अंक आजही मिळतात. कॅसेटा जिथून येत, ती संगीताची दुकाने मात्र जवळजवळ नामशेष झाली आहेत. गाणे तर कधी नव्हे इतके मुबलक झाले आहे. मग आपण गमावले काय? हा प्रश्न आपल्या व्यवसायाच्याही जवळचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९०२ साली कोलकात्यात गोहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तबकडी महाग आणि नाजूक असल्यामुळे ती ऐकून, पारखून घ्यावी लागे. या गरजेतूनच विक्रेत्याचा जाणकार घडला. मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९४०च्या दशकात सुरू झालेल्या या दुकानात खरेदीपूर्वी गाणे ऐकण्यासाठी छोट्या खोल्या होत्या आणि मैफलींची तिकिटेही तिथे मिळत. पुण्यात कर्वे रस्त्यावरील ‘अलूरकर म्युझिक हाऊस’ने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुरेश अलूरकर यांनी केवळ विक्री न करता स्वतः ध्वनिमुद्रणे प्रकाशित केली. मोठ्या कंपन्यांना ज्यात नफा दिसत नसे, असे अभिजात गायन त्यामुळे रसिकांपर्यंत पोहोचले. त्या कॅसेटांचा शोध संग्राहक आजही घेत असतात.

या दुकानांवर एकामागून एक आघात झाले. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटांनी गिऱ्हाईक वाढवले, पण नकलांचा बाजारही फोफावला. पुढे एमपीथ्रीच्या एका तबकडीवर शंभराहून अधिक गाणी मावू लागली. त्यानंतर मोबाईल आला आणि २०१६ पासून इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. हा केवळ लहान दुकानदाराचा पराभव नव्हता. अमेरिकेतील ‘टॉवर रेकॉर्ड्स’ने २००६ मध्ये तेथील दुकाने बंद केली आणि आपल्याकडील ‘म्युझिक वर्ल्ड’ ही साखळी २०१३ मध्ये थांबली. २०१६ साली ‘ऱ्हिदम हाऊस’चेही दार मिटले.

तंत्र बदलते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस आपली आवड ओळखून होता. ‘हा यमन तुमच्याकडे आहे, आता हा ऐका’ असे तो सांगे. कधी ‘हे मुद्रण चांगले नाही, घेऊ नका’ असेही बजावी. संगणकही आज शिफारस करतो, पण ती आपण काल जे ऐकले त्याच्याच आसपास फिरते. नको म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. घराण्याचा इतिहास ठाऊक असलेला कौटुंबिक डॉक्टर आणि लक्षणे टाइप करताच उत्तर देणारा पडदा यांतील अंतर आपल्याला सांगायला नको.

दुसरी हानी माहितीची आहे. तबकडीच्या वेष्टनावर राग, ताल, तबला, हार्मोनियम अशी नोंद असे. आज मोबाईलवर गाणे मिळते, पण साथीदाराचे नाव बहुधा मिळत नाही. जाणकार गेला आणि नोंदही गेली, तर उरतो तो अनामिक आवाज.

हे आपल्याला अधिक लागू आहे, कारण आपण माळव्याच्या शेजारी राहतो. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारांनी सावरले आणि १९९२ पर्यंत तिथेच राहिले. अशा परिसरातील घरगुती मैफली अनेकांनी हौसेने टेपवर उतरवल्या. त्या कोणत्याही दुकानात कधीच नव्हत्या आणि इंटरनेटवरही असतील असे नाही. कपाटातली ती एकच प्रत असू शकते.

चुंबकीय फितीवरील लेप दमटपणाने सुटू लागतो, बुरशीही धरतो. म्हणून कॅसेटा कोरड्या, थंड जागी उभ्या ठेवाव्यात. ध्वनिक्षेपकाजवळ ठेवू नयेत. डिजिटल प्रत करताना एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही स्वरूप निवडावे आणि दोन ठिकाणी जतन करावे. प्रकाशित मुद्रणाचे स्वामित्व आपल्या कायद्यानुसार ६० वर्षे टिकते, हे ध्यानात ठेवून प्रत सार्वजनिक करण्यापूर्वी विचार करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गायक, साथीदार, स्थळ आणि तारीख लिहून ठेवावी. ज्यांना हे आठवते, ती वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत तोवरच हे शक्य आहे.

रुग्णाचा पूर्वेतिहास लिहून घेण्याची आपल्याला सवय आहे. आपल्या घरातील गाण्याचाही पूर्वेतिहास या सुट्टीत लिहून काढू या. दुकाने परत येणार नाहीत; पण त्या दुकानदाराचे काम आपण थोडेफार करू शकतो.