डाग पेट्रोलचा, वास डिझेलचा

लाँड्रीच्या पाटीवर 'पेट्रोल वॉश' अशी अक्षरं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. ज्या पेट्रोलचे चार थेंब पँटवर उडाले की जीव हळहळतो, तेच कधीकाळी भारी साड्या आणि कोट स्वच्छ करायला वापरत. ड्रायक्लीनिंगचा धंदाच मुळी इंधनातून जन्मला. 19व्या शतकात पॅरिसमधल्या झाँ बाप्तिस्त जॉली यांच्या टेबलक्लॉथवर दिव्यातलं इंधन सांडलं आणि तेवढा भाग उजळून निघाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातलं रसायनशास्त्र पक्कं आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, पण तेलात विरघळतं. पेट्रोल कपड्यातलं तूप-तेल स्वतःत घेऊन बाहेर नेतं आणि कपड्यात उरलेलं पेट्रोल मग हवेत उडून जातं.

मग सांडलेल्या पेट्रोलचा वास मागे का राहतो? आणि डिझेलचा डाग तर उन्हात दोन दिवस टाकूनही का हलत नाही?

दोन्ही इंधनं म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो प्रकारच्या रेणूंची मिश्रणं. पेट्रोलमध्ये पेंटेन असतं, त्याच्या साखळीत कार्बनचे फक्त 5 अणू. ते 36 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेवरही! पेट्रोल हातावर पडलं की गार वाटतं ते याचमुळे. उडून जाताना ते त्वचेतली उष्णता घेऊन जातं. डिझेलमधल्या हेक्साडेकेनच्या साखळीत कार्बनचे 16 अणू. ते उकळायला 287 अंश लागतात. घटक तेच, बांधणी तीच, फक्त साखळी लांबली. लांब रेणू एकमेकांना जास्त ठिकाणी खेचून धरतात, म्हणून ते उडायला तयार नसतात. पेट्रोलमध्येही काही जड घटक असतातच. ते धाग्यांत रेंगाळतात आणि थोडेथोडे सुटत राहतात. आपलं नाक इतकं तीक्ष्ण आहे, की डाग दिसेनासा झाल्यावरही ते या उरल्यासुरल्या रेणूंची वर्दी देतं.

म्हणजे इंधनाला कपड्यातून बाहेर पडायच्या वाटा दोन. हलक्या रेणूंची वाट हवेतून, जड रेणूंची साबणातून.

साबणाची किमया तर थक्क करणारी. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. असे कित्येक रेणू तेलाच्या कणाभोवती गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. मोदकाच्या पारीत सारण दडावं तसं तेल आत झाकलं जातं आणि पाणी ते वाहून नेतं. सुती धाग्याला पाणी आवडतं. पाणी धाग्यात शिरतं आणि तेलाला बाजूला सारतं. पॉलिएस्टरला मात्र तेलाचीच ओढ, म्हणून त्यातला वास जायला जास्त खेपा लागतात.

आता कृतीचा क्रम आपोआप कळतो. कपडा अंगावरून उतरवा तो मोकळ्या हवेत. गॅस, उदबत्ती आणि विजेची बटणं यांच्यापासून लांब. जुन्या सुती फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. मग वाऱ्यावर टांगा. पेट्रोलचा बराचसा भाग इथेच निघून जातो. डिझेल किंवा रॉकेल असेल तर डागावर टाल्कम पावडर किंवा खायचा सोडा पसरून काही वेळ ठेवा. सोड्याची इंधनाशी रासायनिक क्रिया होत नाही, पण बारीक भुकटी तेल शोषून घेते. ती झटकून टाका आणि कोरड्या डागावरच भांडी घासायचं लिक्विड चोळा. आधी पाणी नको, कारण लिक्विड पातळ न होता थेट तेलाशी भिडायला हवं. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळं, हाताने धुवा. वास उरला तर पुन्हा तेच करा. सुगंधी कंडिशनरने वास झाकला जातो, जात नाही.

उष्णता मात्र सगळ्यात शेवटी, आणि तीही वास पूर्ण गेल्यावरच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत पोचते. पेट्रोलने धुणाऱ्या जुन्या लाँड्र्यांना आगींनी इतकं ग्रासलं, की 1920च्या दशकात अमेरिकेत सुमारे 38 अंशांच्या खाली पेट न घेणारं 'स्टॉडर्ड सॉल्व्हंट' पुढे आलं. पुढे न पेटणारी द्रावणंही आली.

म्हणून घरी पेट्रोलने डाग काढू नका. इंधनाचा वास येणारा कपडा वॉशिंग मशीनमध्ये, ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली कधीच जाऊ देऊ नका. आधी हवा, मग साबण, आणि नाकाने होकार दिल्यावरच इस्त्री.